गुणायचं की भागायचं?

"अक्का, ह्याला तू निपाणीलाच घेऊन जा की. तुझ्याजवळ राहील, चार अक्षरं शिकेल. इथं ह्याचं गणित काही सुधारत नाही बघ."

दिवाळीला धाकट्या बहिणीकडे गेले होते. पिशव्या अजून खांद्यावरून उतरल्या नव्हत्या, तोवर तिनं हा विषय काढला. खरं सांगायचं तर मीही मनात होकार धरूनच बेळगावहून अजमेर गाडीत बसले होते. दोन-तीन महिने फोनवर हेच चाललं होतं. मुलगा चौथीत. शाळेतून निरोप आला होता की मूल गणितात कच्चं आहे, शिकवणी लावा. शिकवणी लावली, तरी गाडं हललं नाही. त्यातच २०१९ च्या कायदा-दुरुस्तीनंतर पाचवीत मुलाला मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली आहे, हे कुणीतरी तिच्या कानावर घातलं. तेव्हापासून तिची झोप उडाली होती.

बहीण राहते ती कोयलीत. वडोदऱ्याच्या वायव्येला, शहरापासून दहा-बारा किलोमीटरवरचं हे गाव. सोव्हिएत मदतीनं उभारलेली आणि १९६५ साली सुरू झालेली गुजरात रिफायनरी ती इथली. रात्री गच्चीवर गेलं की तिच्या उंच चिमणीवरची ज्योत दिसते. बहिणीचे यजमान ठेकेदाराकडे वेल्डर आहेत, शटडाऊनची कामं निघाली की रात्रपाळी करतात. घरात सासूबाई आहेत, चिक्कोडीकडच्या, त्यांची भाषा कन्नड. म्हणजे माझा भाचा आईशी मराठीत बोलतो, अज्जीशी कन्नडमध्ये, गल्लीत आणि शाळेत गुजरातीत, आणि टीव्हीसमोर हिंदीत. आपल्या सीमाभागातल्या वाचकांना यात नवल वाटायचं कारण नाही. आपल्या घरात दोन असतात, त्याच्या घरात चार, इतकाच फरक.

मी मराठीची प्राध्यापिका, गणिताची नव्हे. दहावीनंतर गणिताला जो नमस्कार केला तो केलाच. पण बहिणीची समजूत अशी की अक्का कॉलेजात शिकवते म्हणजे तिला सगळं येतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी भाचा वही घेऊन माझ्यासमोर बसला. गुजरातेत शाळांना दिवाळीची तीन आठवडे सुट्टी असते आणि तीन आठवड्यांचा अभ्यासही असतो.

शिरोरेघ नसलेली गुजराती लिपी मी अडखळत वाचू शकते. पहिलंच उदाहरण होतं : अठ्ठेचाळीस पेन्सिली आहेत, दरेक खोक्यात आठ पेन्सिली भरल्या, तर किती खोकी लागतील? भाच्यानं एकदा वाचलं, पेन्सिलीचं टोक ओलं केलं आणि सरळ गुणाकार मांडला. ४८ गुणिले ८. हातचे नीट धरले. उत्तर ३८४. आकडेमोडीत एक चूक नाही.

"अरे बाळा, अठ्ठेचाळीस पेन्सिलींना तीनशे चौऱ्याऐंशी खोकी?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "मावशी, मग भागायचं का?"

हा प्रश्न मी या आधी ऐकला होता. माझ्याच घरात, बारा वर्षांपूर्वी. माझी मुलगी तेव्हा चौथीत होती. असंच उदाहरण, असंच चुकीचं उत्तर आणि असाच प्रश्न, "आई, गुणायचं की भागायचं?" मला कॉलेजचे पेपर तपासायचे होते. मी तिच्या हातावर लाकडी पट्टी मारली आणि म्हटलं, "डोकं चालव." तिनं डोकं चालवलं नाही, माझ्या चेहऱ्याकडे बघून उत्तर बदलत राहिली. पुढं दहावी झाल्यावर ती म्हणाली, "आई, गणित नसलेलं काहीही घेते." मी तिला कारणही विचारलं नव्हतं. कोयलीच्या त्या सकाळी भाच्याच्या तोंडून तेच शब्द आले आणि ती पट्टी माझ्या डोळ्यांसमोर आली.

मी पेन्सिल खाली ठेवायला लावली आणि विचारलं, "तू गुणाकारच का केलास? रागावत नाही, नुसतं सांग."

उत्तर इतकं सरळ होतं की मी थक्क झाले. "मावशी, 'दरेक' आलं की गुणाकार. 'सरखे भागे' आलं की भागाकार. 'कुल' आलं की बेरीज." शिकवणीत त्याला हे शब्द खुणेसारखे पाठ करून दिले होते. उदाहरण वाचायचं नाही, त्यातला खुणेचा शब्द शोधायचा आणि आकडे उचलायचे. बिचाऱ्यानं सांगितलं तसं इमानानं केलं होतं. 'दरेक' होतं, म्हणून गुणाकार.

आपल्या मराठीतला 'प्रत्येकी' असाच आहे. 'सहा खोकी, प्रत्येकी आठ पेन्सिली, एकूण किती' हा गुणाकार, आणि 'अठ्ठेचाळीस पेन्सिली, प्रत्येक खोक्यात आठ, खोकी किती' हा भागाकार. शब्द तोच, हिशेब उलटा. खुणेच्या शब्दावर भिस्त ठेवणारं मूल इथं हमखास खड्ड्यात पडतं. अशी शिकवणी आपल्याकडेही चालते. दोष एकट्या कुणाला देऊ नये. मार्क मिळवण्याचा तो जवळचा रस्ता आहे आणि निम्म्या वेळा तो मुक्कामाला पोचवतोही. म्हणूनच तो टिकून आहे.

त्याच दुपारची गोष्ट. स्वयंपाकघरात अज्जी करजीकाई तळून बसल्या होत्या. (आपली करंजी, त्यांची करजीकाई आणि शेजारच्या गुजराती बाईंचा घुघरा. सारण थोडं इकडे-तिकडे, बाकी पदार्थ एकच.) अज्जींना लिहिता-वाचता येत नाही. शेजारी फराळ द्यायचा होता. भाच्याला हाक मारून त्या म्हणाल्या, "मनिगे एंटेंटु. एष्टु मनि आगतावु?" घराला आठ-आठ दिल्या, तर किती घरं होतील?

भाच्यानं ताटात एकूण किती आहेत ते विचारलं. नलवत्तेंटु, म्हणजे अठ्ठेचाळीस. पापणी लवायच्या आत तो म्हणाला, "आरु." सहा. आणि लगेच सहा घरांची नावंही मोजायला लागला. एक घर जास्त होतंय म्हणून अज्जींशी वादही घातला.

मी दारात उभी राहून ऐकत होते. तेच अठ्ठेचाळीस, तेच आठ. सकाळी वहीत ३८४ आणि दुपारी ताटापुढे सहा. या मुलाला भागाकार येत नाही असं कोण म्हणेल?

रात्री झोप येईना तेव्हा अज्जींचा तो 'एंटेंटु' डोक्यात घोळत राहिला. शेवटी मी भाषेचीच बाई. कन्नडमध्ये 'एंटु' म्हणजे आठ आणि 'एंटेंटु' म्हणजे आठ-आठ, एकेकाला आठ. 'एरडु'चं 'एरडेरडु', 'ऐदु'चं 'ऐदैदु'. मराठीत आपण काय म्हणतो? "पोरांना दोन-दोन लाडू दे." गुजरातीत बाई म्हणते, "बब्बे आप." आकडा दोनदा उच्चारला की वाटणी आपोआप समजते. 'प्रत्येकी' हा शब्द घरात कोण बोलतं? मी तरी जेवायला वाढताना "प्रत्येकी दोन पोळ्या" असं कधी म्हटलेलं नाही. कन्नड पुस्तकातला 'तला' हा शब्दही तसाच, तो 'तले' म्हणजे डोक्यावरून आला. आपलं 'दरडोई' डोईवरून आलं. शब्द जोडीचे आहेत, पण दोन्ही कागदावरचे. मुलाच्या कानात गुणाकार-भागाकार वसलेला असतो तो 'दोन-दोन', 'एरडेरडु', 'बब्बे' या जोडशब्दांत. पुस्तक मात्र त्याच्याशी भलत्याच भाषेत बोलतं.

आणि मौज पाहा, क्रियांची नावं तिन्ही भाषांत एकच आहेत. गुणाकार आणि भागाकार. पाढ्यांना मराठीत पाढे, कन्नडमध्ये मग्गी, गुजरातीत घडिया. भाच्याला घडिया पाठ होते, आठ छक अडतालीस धडाधड म्हणत होता. अडचण पाढ्यांत नव्हतीच. आपण मात्र पोर चुकलं की पहिल्यांदा पाढे म्हणायला बसवतो.

दुसऱ्या दिवसापासून मी एकच नियम केला. उदाहरण वाचायचं आणि आकडे हातानं झाकायचे. मग काय चाललंय ते मला सांगायचं, हव्या त्या भाषेत. "पेन्सिली आहेत, त्या खोक्यात घालायच्या आहेत." बरं, मग आपल्याला काय माहीत नाही? "खोकी किती ते." आता हात उचल. पहिले दोन दिवस तो वैतागला. आकड्यांशिवाय गणित कसलं, असं त्याचं म्हणणं. तिसऱ्या दिवशी आम्ही हरभरे घेऊन बसलो आणि मलाच एक गोष्ट कळली, जी चाळिशी उलटेपर्यंत माझ्या ध्यानात आली नव्हती.

भागाकार दोन तऱ्हेचा असतो. अठ्ठेचाळीस हरभरे सहा वाट्यांत सारखे वाटायचे असले की हात एकेक हरभरा घेऊन वाट्यांवरून फिरतो, पत्ते वाटावेत तसा. पण सहा-सहाचे ढीग करायचे असले की हात दर वेळी सहा उचलतो आणि बाजूला ठेवतो. उत्तर दोन्हीकडे आठच, पण पहिल्यात ते वाटीतले आठ हरभरे असतात आणि दुसऱ्यात आठ ढीग. आपण मुलांना भागाकार म्हणजे 'वाटणी' एवढंच सांगतो. मग पेन्सिलींच्या उदाहरणात वाटणी कुठंच दिसत नाही, तेव्हा मूल म्हणतं की हा भागाकार नव्हे. त्याचं म्हणणं चूक कसं? मराठीत दुसऱ्या तऱ्हेसाठी छान बोली आहे : "अठ्ठेचाळीसला सहाचा भाग किती वेळा जातो?" ती आपण तोंडानं म्हणतो, हातानं करून दाखवत नाही.

उदाहरण न वाचता आकडे उचलायची सवय जगभरची आहे. १९८० च्या सुमारास फ्रान्समध्ये ग्रनोबलच्या अभ्यासकांनी प्राथमिक शाळेतल्या ९७ मुलांना विचारलं : जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी आकड्यांची काहीतरी जुळवाजुळव करून उत्तर दिलं. अमेरिकेत १९८० च्या दशकातल्या एका राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना प्रश्न होता : ११२८ सैनिक, एका बसमध्ये ३६ बसतात, तर बस किती लागतील? सुमारे सत्तर टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला. पण २९ टक्के मुलांनी उत्तर लिहिलं, '३१ बाकी १२'. बत्तीस बस हे बरोबर उत्तर देणारे जेमतेम २३ टक्के.

हा बसचा प्रश्न मी भाच्याला त्याच्या घरच्या भाषेत घातला. "पप्पांच्या कामावर पन्नास माणसं न्यायची आहेत. एका गाडीत आठ बसतात. गाड्या किती?"

त्यानं विचार केला. "सहा गाड्या, आणि दोन माणसं उरली."

"मग?"

"मग सातवी पाहिजे. पण मावशी, ठेकेदार सहाच पाठवतो. बाकीचे दोघे मागं लटकतात."

त्याचे वडील नुकतेच रात्रपाळीहून येऊन पडले होते. ते झोपेतच हसले. मी त्याला या उत्तराचे पूर्ण मार्क दिले.

माझ्या लहानपणी निपाणीत आमच्या शेजारी विड्या वळणारी एक मावशी होती. शाळेचं तोंड न पाहिलेली. पंचवीस-पंचवीस विड्यांचा कट्टा, हजार विड्यांचे चाळीस कट्टे, त्यातून खराब म्हणून बाजूला काढलेल्या वजा आणि उरलेल्याची मजुरी, हा सगळा हिशेब ती बोलता बोलता करायची. तिच्यासारख्यांवर ब्राझीलमध्ये संशोधन झालं आहे. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ वगैरे विकणाऱ्या पाच मुलांना गिऱ्हाईक होऊन प्रश्न विचारले. गाड्यावर ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. तेच हिशेब नुसत्या आकड्यांत कागदावर दिले तर ३७ टक्के, आणि गोष्ट घालून दिले तर ७४ टक्के. म्हणजे गोष्ट मुलाची वैरीण नाही, मदतनीस आहे. २०२५ साली नोबेल विजेते अभिजित बॅनर्जी (यांच्या आई मराठी, माहेरच्या पाटणकर), एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांविषयी असंच दाखवलं. त्यांना बाजारातला हिशेब तोंडी येतो, शाळेतला येत नाही. आणि नुसत्या शाळेत जाणाऱ्या मुलांची गत नेमकी उलटी. दोन्ही बाजूंना पूल नाही. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या शंभरांपैकी साधारण एकतीस मुलांनाच तीन अंकी संख्येला एका अंकानं भागता आलं. हे आकडे वाचताना मला अज्जींच्या ताटापुढचा भाचाच आठवतो. तो या एकतीसांत बसला असता की उरलेल्या एकोणसत्तरांत?

खरं तर गोष्टीतून गणित घालायची रीत आपली जुनीच. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती' लिहिली. तीत ते समोरच्या मुलीला हाक मारून भुंग्यांची, मोत्यांची उदाहरणं घालतात. भास्कराचार्य कोणाचे, यावर आपल्याकडे गोड भांडण आहे. कोणी त्यांचं गाव विजापूर मानतं, कोणी चाळीसगावजवळच्या पाटण्याचा शिलालेख दाखवतं. कन्नडमध्ये त्याच बाराव्या शतकात राजादित्यानं 'व्यवहारगणित' लिहिलं. ग्रंथाच्या नावातच व्यवहार आहे. आपण त्यातला व्यवहार काढून घेतला आणि खुणेचे शब्द ठेवले.

संख्यांच्या नावांचाही काच असतोच. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसच्या जोडीनं 'वीस सात' आलं, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! डॉ. मंगला नारळीकर सांगत होत्या की लहान मुलांना जोडाक्षरी संख्यानामं जड जातात. आपल्या घरात हे नवीन नव्हतं. कन्नडमधलं 'इप्पत्तेळु' म्हणजे सरळ वीस-सातच. माझं मत विचाराल तर दोन्ही असू द्यावीत. आपली मुलं दोन्ही पचवतात. असो, तो वेगळा विषय.

शेवटच्या चार दिवसांत मी भाच्याला उदाहरणं सोडवायला दिलीच नाहीत, बनवायला लावली. 'सहा आठे अठ्ठेचाळीस' यावरून तीन गोष्टी कर : एक गुणाकाराची, एक वाटणीची, एक ढिगांची. पहिल्या गोष्टीत फटाके आले, दुसरीत अज्जींची करजीकाई. ढिगांच्या गोष्टीला दोन दिवस लागले. मग एका संध्याकाळी गच्चीवरून धावत खाली आला आणि एका दमात सांगितलं, "अठ्ठेचाळीस मजूर, आठ-आठची गाडी, आणि कोणी लटकत नाही!"

चमत्कार वगैरे काही झाला नाही, हेही सांगायला हवं. निघायच्या आदल्या दिवशी शिकवणीच्या वहीतली पाच उदाहरणं दिली, तीन बरोबर आली. एकात 'दरेक' दिसताच हात पुन्हा गुणाकाराकडे वळला. सवय अशी आठवड्यात सुटत नाही. मी पट्टी शोधली नाही, एवढंच.

बहिणीला रात्री म्हटलं, "ह्याला मी नेणार नाही."

ती घाबरली. "का गं? त्याला अगदीच जमत नाही का?"

"जमतंय म्हणूनच. निपाणीत मी त्याला गणित शिकवीन, पण ताटात करजीकाई मोजायला तिथं अज्जी कुठून आणू?" सासूबाईंना मराठी थोडंच कळतं, पण 'अज्जी' आणि 'करजीकाई' हे दोन शब्द त्यांनी बरोबर पकडले आणि बहिणीकडे बघून मान हलवली. त्या मानेचा अर्थ बहिणीनं काय घेतला कोण जाणे, पण तिनं भाच्याची कपड्यांनी भरून ठेवलेली पिशवी त्याच रात्री रिकामी केली. ती भरून ठेवली होती हे मला तोवर माहीत नव्हतं. भाच्याला होतं.

ज्या वडोदरा संस्थानात सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेलीत आणि १९०६ साली सगळीकडे सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं, तिथल्या एका पोराला शाळेसाठी आईपासून तोडून दूर न्यायला मी निघाले होते. स्वतः सयाजीरावांना बाराव्या वर्षी दत्तक येईपर्यंत अक्षरओळख नव्हती, हे गाडीत आठवलं.

घरी आल्यावर मुलीला हा सगळा किस्सा सांगितला. पट्टीचंही बोलले. ती म्हणाली, "मला आठवतं, आई. बिस्किटांचं उदाहरण होतं." मग थोडं थांबून, "उत्तर काय होतं गं त्याचं?" आम्ही दोघी बसून आठवायला लागलो. आकडे काही आठवेनात.

परवा भाच्याचा फोन आला. "मावशी, गणित सांगतो. अठ्ठेचाळीस करंज्या. आपण पाच जण. नऊ-नऊ घेतल्या. तीन उरल्या. त्या कोणी खाल्ल्या?"

मी म्हटलं, "हे कसं सांगता येईल? उदाहरणात दिलेलं नाही."

"बरोबर!" तो ओरडला, आणि मागून अज्जींचं हसणं ऐकू आलं.